मेणवलीच्या घाटावरची खरखर

तेल चांगलं तापलंय आणि मोहरीला जरा ओल लागलेली आहे, तर ती कशी तडतडेल? तसा आवाज. तोही सलग नाही. तड्... तडतड्... मग दहा-बारा सेकंद काहीच नाही, आणि काकूंचं वाक्य सुरू झालं की नेमका पुन्हा तड्. हेडफोन कानावरून सरकवला की बाहेर सगळं निवांत. कृष्णेचं पाणी, खालच्या पायरीवर कुणीतरी धुणं आपटतंय, पलीकडच्या काठाला एखादी टिटवी. हेडफोन चढवला की फोडणी.

डिसेंबरातली सकाळ, सव्वासात-साडेसातचा सुमार. सूर्य नुकता वर आलेला, नदीवर धुकं. दिग्दर्शकाला नेमकं तेच धुकं हवं होतं आणि ते साडेआठच्या पुढे टिकत नाही. त्यामुळे मी हात वर करून "सर, साऊंडसाठी वन मोर" म्हणालो तेव्हा सगळ्या युनिटने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. कॅमेऱ्याचा बिघाड मॉनिटरवर दहा जणांना दिसतो. आवाजाचा बिघाड एकट्याच्या कानात असतो. बाकीच्यांना वाटतं, हा उगाच खोड काढतोय.

मी साताऱ्याचा. सिंक साऊंडची कामं करतो, म्हणजे शूटिंगच्या जागीच खरे संवाद टिपायचे, नंतर स्टुडिओत डबिंग करायचं नाही. मोठ्या शूटिंगांना मुंबईहून माणसं येतात. माझ्या वाट्याला शॉर्ट फिल्म, माहितीपट, कारखान्याच्या आणि शाळांच्या फिल्मा. हे काम एका शॉर्ट फिल्मचं होतं. तीन दिवस, वाईजवळ मेणवलीचा घाट आणि गावातलं एक घर. वाई साताऱ्याहून पस्तीसेक किलोमीटर आणि मेणवली पुढे तीनेक. लॉजचे पैसे वाचवायचे म्हणून मी रोज घरून ये-जा करायचं ठरवलं. हा निर्णय पुढे किती महागात पडला आणि किती उपयोगी पडला, ते सांगतोच.

मेणवलीला शूटिंगची नवलाई नाही. नाना फडणवीसांचा वाडा, मेणेश्वराचं देऊळ, चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि ती पोर्तुगीज घंटा. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या विजयातली. हिंदी-मराठी युनिटं येऊन-येऊन गावातली पोरंसुद्धा "रोलिंग" म्हटलं की आपोआप गप्प बसतात. फक्त ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर गप्प बसत नाहीत. डिसेंबर म्हणजे ऐन गाळप हंगाम. दोन ट्रॉल्या, वर टेपवर गाणं, आणि तो आवाज रस्त्यावरून नदीपर्यंत येतो. पण ट्रॅक्टर येतो तसा जातो, आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तर पहिला दिवस. सीन साधा. आजी आणि नात पायरीवर बसल्यात, आजी कळशी घासतेय, आठ वाक्यं. आजीचं काम करणाऱ्या काकू तिथल्याच, हौशी नाटकांत आयुष्य गेलेलं, आवाज असा की बूम, म्हणजे माईक बांधलेली लांब काठी, चार फुटांवर असला तरी चालेल. बूमवर माझा शॉटगन माईक (समोरचाच आवाज धरणारा लांबट माईक), त्याला झेपलिन, म्हणजे वारा अडवणारी नळीसारखी जाळी, वर लोकरीचं कव्हर. तिथून वीस फुटी वायर माझ्या रेकॉर्डरला.

खरखर आली की पहिली गोष्ट, घेतलेला टेक वाजवून ऐकायचा. खरखर रेकॉर्डिंगात असेल तर हेडफोन निर्दोष. रेकॉर्डिंगात नसेल तर हेडफोनची पिन हलतेय, देवाचे आभार मानायचे आणि पुढे जायचं. मी ऐकलं. रेकॉर्डिंगात होती. इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो.

पुढे मात्र घाई केली. दिग्दर्शक घड्याळ बघतायत, धुकं विरतंय. मी वायर बदलली. बदलता बदलता रेकॉर्डरवर इनपुट एकचं दोनवर नेलं. फॅन्टम, म्हणजे रेकॉर्डर वायरमधूनच माईकला देतो ती वीज, बंद करून चालू केला. बॅटरीही नवी टाकली, आता उघडलंच आहे तर. माईक झेपलिनमधून काढला, रुमालाने पुसला, परत बसवला. या सगळ्यात अर्धा-पाऊण तास गेला, मधल्या वेळात त्यांनी कळशीचे, हातांचे बिनसंवादाचे शॉट उरकले. नऊच्या पुढे पुन्हा संवाद लावले, तर खरखर गायब! एकदम स्वच्छ. काकूंच्या बांगड्यांची किणकिण वेगळी ऐकू यायला लागली.

मी जुन्या वायरला लाल टेप गुंडाळली, वर मार्करने "खराब" लिहिलं आणि दिग्दर्शकांना म्हणालो, "वायर होती सर. सापडली." त्यांनी पाठ थोपटली. मीही थोपटून घेतली.

एवढ्यात काकू जवळ आल्या. "अरे, मघाशी सर म्हणत होते खरखर येतेय म्हणून. दोन दिवस जरा थंडी बाधलीच आहे मला. रात्री मिठाच्या गुळण्या करते, उद्या नाही येणार."

मी म्हणालो, "काकू, तुमच्या घशाची नाही, वायरची होती." त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. मी त्यांचं मन राखतोय असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी साताऱ्याला आलो. राजवाड्याच्या पलीकडे आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, दुरुस्तीचं दुकान आहे. एके काळी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर. आता मिक्सर, भजनी मंडळांचे अॅम्प्लिफायर, गणपतीच्या आधी महिनाभर माईकच माईक. लाल टेपची वायर त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी टेप वाचली, हसले, आणि दोन्ही टोकांच्या एक्सएलआर पिना उघडल्या.

एक्सएलआरला तीन पिना. पहिली शील्डची, दुसरी आणि तिसरी आवाजाची. त्याच दोन पिनांवरून रेकॉर्डर माईकला ४८ व्होल्टचा फॅन्टम देतो आणि पहिलीवरून तो परत येतो. पहिलीचा सोल्डर हलका असेल तर खरखर, गुणगुण, काहीही होतं. तिसरी तुटली तर आवाज पडतो, पोकळ होतो. आण्णांनी मल्टिमीटर बीपवर टाकला, एकेक पिन धरून मला वायर हलवायला लावली. मी वाकवली, ओढली, पिळली. बीप कुठंही तुटला नाही. मग रेकॉर्डरला जोडून दुसऱ्या टोकाला व्होल्टेज बघितलं. एक-दोनमध्ये ४७ पॉइंट काहीतरी, एक-तीनमध्ये तेवढंच. ४४ ते ५२ मध्ये असलं की ठीक. भिंगातून सोल्डर बघितला. चकचकीत.

"ही वायर ठणठणीत हाय," आण्णा म्हणाले.

"पण बदलल्यावर आवाज गेला ना."

"वायर बदलताना आनखी काय काय बदललंस?"

मी सांगायला लागलो. इनपुट, बॅटरी, फॅन्टम, माईक काढून पुसला... सांगता सांगताच मला कळत होतं. आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "पाच गोष्टी बदलल्यास आणि नाव वायरचं."

मला राग आला. दिवसभर उभा होतो, पहाटे साडेचारला परत निघायचं होतं, आणि आवाज तर बंद झालेला होता. मी वायर पिशवीत कोंबली. सगळं सामान गाडीच्या डिकीतच होतं. तीन मजले चढून वर नेणं आणि पहाटे पुन्हा उतरवणं कोण करतो? गाडी रात्रभर बाहेर, रस्त्याच्या कडेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी फोडणी परत सुरू झाली.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. नवी वायर, नवी बॅटरी, दुसरं इनपुट, आणि तीच मोहरी. दिग्दर्शक काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. पलीकडे काकू गालात खडीसाखर धरून बसल्या होत्या.

बूमवर अवलंबून राहता येणार नाही म्हणून दोघींना लेपल, म्हणजे कपड्यात लपवायचे बारीक माईक लावले. लेपलची आपली वेगळी दुखणी. काकूंचं सुती लुगडं, ते मऊ, त्यात माईक छान बसला. नातीचा ड्रेस सिंथेटिक. ती श्वास घ्यायची आणि कानात कागद चुरगाळल्यासारखं व्हायचं. चिकटपट्टीच्या दोन त्रिकोणी घड्या केल्या, चिकट बाजू बाहेर, त्यांच्या मध्ये माईक दाबला. एक घडी कापडाला, दुसरी अंगाला. दोन्हींच्या मध्ये माईक हलत नाही आणि कापड त्याच्यावर घासत नाही. वायरला खाली एक सैल वेटोळं ठेवलं, म्हणजे ओढ माईकपर्यंत जात नाही. हे जमलं. मग काकूंच्या लेपलवर "टिट्-टिरिट्-टिरिट्-टर्र".

हा आवाज मात्र ओळखीचा. जुन्या रेडिओशेजारी फोन ठेवला की यायचा तोच. टूजीवर असलेला फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देत बोलतो, आणि ते ठोके शेजारच्या वायरीत शिरतात. "काकू, फोन आहे का जवळ?" त्यांनी कमरेची पिशवी सोडून बटणांचा फोन काढला. लेपलचा आवाज बिनतारी पाठवणारा ट्रान्समीटर पण त्याच कमरेला होता. फोन नातीच्या आईकडे दिला, टर्र बंद.

म्हणजे बघा, त्या सकाळी दोन बिघाड मी पाच-पाच मिनिटांत काढले आणि खरा बिघाड तसाच. दहाच्या सुमाराला सहज बूम पुन्हा लावून पाहिला. स्वच्छ. काहीही न बदलता. काल मी केलेल्या पाच गोष्टींपैकी एकही आज केली नव्हती, तरी दहा वाजता आवाज गेला होता.

दुपारी गावातल्या घरात सीन. तिथे गुणगुण. ५० सायकलची, आपल्या विजेची, खालच्या सुरातली, सलग. ही मी जरा शांतपणे घेतली, कारण आण्णांचा कालचा चष्मा डोळ्यापुढे होता. एका वेळी एकच गोष्ट. माईक काढला, गुणगुण तशीच; म्हणजे माईक आणि त्याची वायर सुटली. कॅमेऱ्याकडे जाणारी वायर काढली, गुणगुण थांबली. परत लावली, आली. मग बॅटरी वाचवायला मी रेकॉर्डर एका खोलीतल्या प्लगवर लावला होता तो आठवला. कॅमेऱ्याला जोडलेला मॉनिटर दुसऱ्या खोलीतल्या एक्स्टेन्शनवर. एका हाताने मॉनिटरचा धातूचा स्टँड धरला आणि दुसऱ्या हाताच्या पाठीने रेकॉर्डरला स्पर्श केला, तर बारीक झिणझिण्या. एक्स्टेन्शनला अर्थिंगची पिन नावालाच होती. दोन ठिकाणची वीज माझ्या ऑडिओच्या वायरीतून एकमेकींना भेटत होती. एक्स्टेन्शन काढून टाकलं, रेकॉर्डर बॅटरीवर घेतला, गुणगुण संपली. (झिणझिण्यांची परीक्षा माझ्यासारखी हाताने करू नका. टेस्टर असतो, तो वापरा.)

त्याच घरात नातीच्या लेपलवर मधेच टाळ वाजायला लागले आणि स्वच्छ आवाजात "राम कृष्ण हरी". मुलगी घाबरून माझ्याकडे बघते, माझ्या हेडफोनमध्ये कीर्तन. तिचा ट्रान्समीटर बंद केला, तरी रिसीव्हरवर बुवा चालूच. बंद ट्रान्समीटरवरही काही ऐकू आलं की समजायचं, ते आपलं नाही. जवळच्या देवळात सप्ताह होता, बुवांचा कॉर्डलेस आणि माझा जुना सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर. माझ्या सेटला चॅनल बदलायची सोय नाही. बुवांना थांबवणं तर शक्यच नव्हतं. मी वायरचा लेपल लावला. तो निरूपणाचा तुकडा मात्र मी पुसला नाही. बुवा रंगात होते.

संध्याकाळी निघताना कॅमेऱ्याचा असिस्टंट डबे बांधत होता. त्याने लेन्सची पेटी दाखवून म्हटलं, "दादा, उद्या मी अर्धा तास आधी येणार. दोन्ही दिवस लेन्सवर धुकं धरलं. पेटी उघडली की काच पांढरी. उन्हात धरून बसलो होतो."

मी "हं" म्हणालो आणि गाडीत बसलो. भुईंजच्या पुढे हायवेवर ऊसगाड्यांच्या मागे अडकलो होतो, तेव्हा ते वाक्य डोक्यात परत आलं. गाडी बाजूला घेतली नाही वगैरे, सिनेमात घेतात तशी. पण घरी पोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

आण्णांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, या वेळी राग न धरता. कधी येते, कधी जाते. लेन्सचंही सांगितलं. त्यांनी काही न बोलता चष्मा काढला, काचेवर "हाss" करून वाफ सोडली आणि पांढरी झालेली काच माझ्यापुढे धरली.

"माईक रात्री कुठं असतो?"

"डिकीत."

"मग झालं की."

पण आण्णा "मग झालं की" म्हणून थांबणाऱ्यातले नाहीत. बिघाड हातात दाखवता आला पाहिजे, नाहीतर तो सापडला असं ते मानत नाहीत. माईक गॅलरीत ठेवला. दोन तासांत तो हाताला लोखंडासारखा गार लागायला लागला. तोवर रेकॉर्डर आणि लाल टेपवाली वायर स्वयंपाकघरात आणली. आईने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, खिडकी लावून घेतली. आई म्हणाली, "रात्रीचे अकरा वाजलेत, शेजारी काय म्हणतील, एवढ्या रात्री काय शिजवतायत?"

गार माईक आत आणला, जोडला, ओट्यापासून हातभर लांब धरला. मी हेडफोन घातले. एक मिनिट काही नाही. नुसती आईच्या गॅसची सळसळ. मग तड्. मग तडतड्. मी काही न बोलता हेडफोन आण्णांच्या डोक्यावर चढवला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग वायर बदलली, फक्त वायर. तडतड तशीच. परत लाल टेपवाली लावली. तशीच.

झालं होतं ते असं. कन्डेन्सर माईकच्या, म्हणजे माझ्या त्या शॉटगनसारख्या माईकच्या, आत पोटात एक पातळ पडदा असतो, केसाहूनही कितीतरी पातळ, आणि त्याच्यामागे अगदी निसटत्या फटीवर एक पत्रा. दोघांमध्ये विजेचा भार साठवलेला असतो. पडदा आवाजाने हलला की फट कमी-जास्त होते आणि दोघांमधलं व्होल्टेज बदलतं, तोच आपला सिग्नल. तो भार टिकून राहायला आतली सगळी रचना कमालीची कोरडी लागते, कारण तिथला रोध मेगओममध्ये नाही तर गिगाओममध्ये असतो. त्या जागेवर दमटपणाचा नुसता हात फिरला तरी भाराला पळायला वाट मिळते, आणि तो थोडा-थोडा निसटतो. प्रत्येक निसटण्याला एक तड्. गार डिकीतून निघालेला गार माईक नदीकाठच्या ओल्या हवेत आला, ऊन चढत गेलं तशी हवा तापत गेली, माईक मात्र आतून गारच. त्याच्यावर पाणी धरलं, काचेवर धरतं तसं. नऊ-दहापर्यंत माईकही तापला, पाणी उडालं, मागे खूण राहिली नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी जे काही केलं असतं त्याने तो बरा झाला असता. हनुमान चालिसा म्हटली असती तरी.

दमट हवेला पुरून उरणारे माईक असतात. सेनहायझरच्या एमकेएच ४१६ मध्ये पडद्याशी असला साठवलेला भार नाही, रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चालणारी रचना आहे आणि तिथला रोध कमी, म्हणून ओल त्याला एवढी बाधत नाही. पावसाळी कामाला मुंबईचे लोक तोच का मागतात ते मला आधी फक्त ऐकून माहीत होतं. त्याच्या किमतीत माझा अख्खा संच येतो, तेव्हा तो विषय तिथेच सोडला.

आता माईक कोरडा करायचा. मी हेअर ड्रायर म्हणालो, तर आण्णांनी असं बघितलं की मी वाक्य अर्धवट सोडलं. त्या पडद्यावर फुंकरही मारायची नसते, हेअर ड्रायर तर राहू द्या. त्यांनी दुकानातली त्यांची जुनी पेटी काढली: लाकडी खोकं, आत साठ वॅटचा बल्ब, वर जाळी. पावसात भिजलेले रेडिओ त्यात वाळवायचे. माईक जाळीवर, बल्बपासून वीतभर लांब. हाताला कोमट लागेल एवढीच ऊब. दोन तास.

तोवर आईने पापडाचा झाकण घट्ट बसणारा डबा रिकामा केला. बुटांच्या आणि पर्सच्या खोक्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या तिने वर्षानुवर्षं जमवलेल्या. लोणच्याच्या कपाटात, दागिन्यांच्या डबीत, सगळीकडे. सात-आठ पुड्या तव्यावर मंद आचेवर ठेवायचा बेत होता. आण्णा म्हणाले तव्यावर कागद जळेल, बल्बच्याच पेटीत टाक. टाकल्या. दीड वाजता कोरडा माईक कोरड्या पुड्यांसकट डब्यात गेला आणि डबा माझ्या उशाशी. डिकीत फक्त स्टँड.

तिसऱ्या दिवशी पहाटे थंडी आदल्या दिवसांपेक्षा जास्त होती. माईक डब्यातून काढून लोकरीच्या मोज्यात घातला आणि मोजा जर्किनच्या आत, पोटाशी. गाडी चालवताना लहान मूल धरल्यासारखं वाटत होतं. घाटावर पोचल्यावर लगेच बाहेर काढला नाही. आधी स्टँड, वायर, रेकॉर्डर, सगळं लावलं. शॉटच्या दहा मिनिटं आधी माईक झेपलिनमध्ये बसवला आणि लगेच फॅन्टम दिला. माईक हवेपेक्षा ऊबदार असला की त्याच्यावर पाणी धरायचं कारणच उरत नाही.

वायर मुद्दाम तीच घेतली, लाल टेपवाली. टेप काढली तर चिकट राहिलं, वेटोळं घालताना बोटांना लागत होतं. वेटोळं मी स्वेटर विणतात तसं घालतो, एक सुलट एक उलट, म्हणजे आतल्या तारांना पीळ बसत नाही.

सात वीस. "रोल साऊंड." "रोलिंग." हेडफोनमध्ये पाणी, कळशीवर काथ्याची घासघास, काकूंचा आवाज. मी मोहरीची वाट बघत होतो. कान इतके टवकारलेले की स्वतःच्या जर्किनची चेन वाजली तरी दचकलो. आठ वाक्यं संपली. दिग्दर्शकांनी माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला. लगेच दुसरा टेक. तोही स्वच्छ.

आठ वाजून पाच मिनिटांनी नदीपल्याडच्या मळ्यात कुणीतरी पंप सुरू केला आणि तो टेक गेला. पण ते सगळ्यांनी ऐकलं.

पहिल्या दिवशीची खराब झालेली वाक्यं उरली होती. ती वाइल्ड घेतली, म्हणजे कॅमेरा बंद, फक्त आवाज. काकू त्याच पायरीवर, हातात तीच कळशी, बूम तेवढ्याच अंतरावर. नाहीतर नंतर बसवताना आवाजाला जागा मिळत नाही. मी आदल्या टेकमधलं एकेक वाक्य त्यांच्या कानात वाजवायचो आणि त्या त्याच लयीत परत म्हणायच्या. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. एकच वाक्य नीट जुळलं नाही, आजी हसता हसता म्हणते ते. तसं हसू परत नाही आलं. एडिटिंगला मूळच ठेवलं. त्यातली तड् कळशी दगडाला लागते त्या जागेवर आली आहे, माहीत असल्याशिवाय कळत नाही. मला कळते.

शेवटी अर्धा मिनिट घाटाची शांतता रेकॉर्ड करायची म्हणून सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. "थँक्यू" म्हणाल्यावर काकू पायऱ्या चढून माझ्याकडे आल्या. पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली.

"आज आली का रे खरखर?"

"नाही काकू. एकदाही नाही."

"मला वाटलंच होतं. नुसत्या गुळण्यांनी जात नाही ती. दोन दिवस खडीसाखर आणि ज्येष्ठमध धरलं, तेव्हा कुठे मोकळा झाला घसा." पुडीतला ज्येष्ठमधाचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "तू पण ठेव. रोज पहाटे थंडीतून येतोस."

मी तो तोंडात टाकला आणि वायर गुंडाळायला घेतली.